सकाळचं वजन

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

ताईस,

हे लिहायला बसण्याआधी मी गोदामात हार्नेसचे पट्टे तपासत होतो. चौदा झाले, सहा राहिलेत. शिवणीवरून अंगठा फिरवायचा, टाका उसवला असेल तर नखाला लागतो, हे तूच शिकवलंस. सात नंबरचा पट्टा बाजूला काढून ठेवला आहे. बाकी ठीक.

वर आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, जी सात महिन्यांत आपल्याशी एक शब्द बोलली नाही तिला एवढा मोठा शब्द लिहिणं बरं दिसत नाही. म्हणून नवीन पान घेतलं. खाडाखोड केलेला कागद पाठवणं मला जमत नाही.

तू मावशीकडे गेल्यापासून आपली खोली तशीच आहे. तुझी कॉट मी हलवलेली नाही. भिंतीवर तू उडी मोजायला मारलेल्या पेन्सिलच्या खुणा घरमालक पुसायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, रंगाचे पैसे मी देईन.

शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "तुझी बहीण सिनेमात नेमकं करायची काय रे? पडद्यावर तर कधी दिसली नाही."

म्हटलं, "मॅडमवर पडायची वेळ आली की तिथे ताई पडायची."

"आणि मग उठायचं कुणी?"

"उठायच्या मॅडमच."

काकू बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरातल्यासारखंच की! राबायचं एकीनं, मिरवायचं दुसरीनं." मीही हसलो. वर आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

'कप्तान' सिनेमाच्या तिसऱ्या भागाची झलक आली आहे. चौकातल्या मोठ्या पडद्यावर दर दहा मिनिटांनी दाखवतात. मॅडमच्या डाव्या गालावर तोच ओरखडा. मेकअपवाल्या दादांकडे त्याचा पुठ्ठ्याचा साचा आहे, तिन्ही भागांत एक दोरा इकडचा तिकडे झालेला नाही. फाटक्या बनियनच्या नऊ प्रती आहेत, नऊही एकाच जागी फाटलेल्या, त्यांची यादी माझ्याकडे. लोकांना वाटतं कडक बाई म्हणजे आग, वादळ, काय काय. आपल्याला माहीत आहे, कडक बाई म्हणजे नंबर घातलेल्या नऊ बनियनी.

त्या झलकेत २१ ऑगस्टचा शॉटही ठेवला आहे. स्फोट होतो, कप्तान मागे फेकली जाते, यानाच्या भिंतीवर आदळते. तिथेच कापलंय. पुढच्या चित्रात मॅडम उठताना. लोक शिट्ट्या मारतात. मी एकदाच पाहिलं, नंतर स्टुडिओला जायचा रस्ता बदलला.

मी तेव्हा जबाबात लिहिलं तसंच झालं होतं, हे तुलाही आठवत असेल. मी वजन विचारलं, तू म्हणालीस "सकाळचंच धर", मी धरलं. त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता.

तुझ्या नावाने एक टपाल आलंय. विशेष काही नाही, कपाटात ठेवलंय.

तुझा,
छोट्या


रविवार, ८ मार्च. दुपारी २ वाजता. कपडे वाळत घालून झाल्यावर.

ताईस,

ते टपाल विशेष होतं. मी ते आलं त्याच दिवशी उघडलं होतं. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये हे मला कळतं, पण वर विमा कंपनीचा शिक्का होता.

त्यात लिहिलंय की, कामगाराने स्वतः चुकीचं वजन सांगितल्यामुळे अपघात झाला, असं दोन्ही जबाबांवरून दिसतं, त्यामुळे भरपाई देता येत नाही. कुणाला नवीन काही सांगायचं असेल तर २७ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर फाइल कायमची बंद.

दोन्ही जबाब म्हणजे एक माझा आणि एक तुझा. तुझा दवाखान्यात घेतला तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. पडदा अर्धाच लावला होता, मला सगळं ऐकू येत होतं. विम्याच्या बाईंनी माझा कागद तुला वाचून दाखवला आणि विचारलं, "असंच झालं का?" तुझी कॉट करकरली. मग म्हणालीस, "त्यानं लिहिलंय ना? मग तसंच असेल. त्याचं लिहिलेलं चुकत नाही."

तू हे माझ्याकडे न बघता म्हणालीस. मी तिथे आहे हे तुला माहीत होतं की नाही, हे सात महिने मी रोज ठरवतो आणि रोज बदलतो.

मी मागच्या पत्रात लिहिलं की मी वजन विचारलं होतं. ते मला आता तितकंसं आठवत नाही. कदाचित नसेलही विचारलं.

शुक्रवारी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. पाणी दिलं, खुर्ची दिली. तेव्हाच ओळखलं. माझ्या वहीवरून युनिटने पाडलेल्या नावाने हाक मारली. म्हणाले, "मुनीम, चौथ्या भागाला सुरक्षा-प्रमुख म्हणून तुझं नाव टाकतोय. शेवटी नावं येतात ना, त्यात येईल. नववी नापास पोराचं नाव एवढ्या मोठ्या पडद्यावर! घरी सांगितलंस तर खूश होतील."

म्हटलं, "घरी कुणी नाही, सर."

"बरं, ते असो. बहिणीची फाइल आपोआप बंद होतेय. तुला काही करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. त्यात तर तू हुशार आहेस."

मी नापास नव्हतो, शाळा सोडली होती. बाबा गेल्यावर तू एकटी कमावत होतीस म्हणून. हे त्यांना सांगायला हवं होतं. पाणी पिऊन बाहेर आलो.

मावशीला फोन केला, तर म्हणाली डॉक्टर कमरेचं दुसरं ऑपरेशन सांगतायत आणि तू "बघू" म्हणतेस. तू "बघू" म्हणतेस तेव्हा पैसे नसतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

छोट्या


शनिवार, १४ मार्च. सकाळी ११ वाजता, बस डेपोच्या बाकावर.

ताईस,

आज सगळं क्रमाने लिहितो. तुला जणू काहीच माहीत नाही असं समजून लिहितो, म्हणजे मधली एकही पायरी मला गाळता येणार नाही.

काल बाजारपेठेच्या मोठ्या इमारतीत जाहिरातीचा कार्यक्रम होता. कप्तानचं चिलखत काचेबाहेर मांडायचं होतं. ते मी नेलं. आपल्याकडे दोन चिलखतं आहेत: जवळून दिसायचं ते पत्र्याचं, अकरा किलोंचं, आणि पडायचं ते स्पंजाचं. रंग एकच, ओरखडेही सारखे. मी स्पंजाचं नेलं. फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एका हातात, दुसऱ्या हातात चहा.

दोन-अडीचशे पोरी आल्या होत्या. कितींच्या तरी गालावर पेनाने काढलेला ओरखडा. मॅडम आल्या तेव्हा छत खाली येईल असं वाटलं. एका पोरीने माइकवर विचारलं, "तुम्हाला लागत नाही का?"

मॅडम म्हणाल्या, "मला नाही लागत. जिला लागतं ती आज आली नाहीये."

लोकांना ती गंमत वाटली, सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. नंतर मागच्या जिन्यात मला म्हणाल्या, "कमरेचं कळलं. तुझ्या ताईचा खांदा कसा आहे आता?" मी म्हटलं, "बरा आहे." मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने सांगितलं.

मग सामान आवरताना सहा-सात वर्षांची एक पोरगी चिलखताजवळ आली. तिची आई ओरडली, "हात नको लावूस! जड असेल, अंगावर घेशील."

पोरीने खालून बोट घातलं आणि उचललं. "कुठे जड आहे? हे बघ, एका बोटावर!"

एका बोटावर, ताई.

मी जबाबात लिहिलं होतं की चिलखत बदललेलं माझ्या लक्षात आलं नाही.

आता २१ ऑगस्ट. झटक्याचं यंत्र म्हणजे हवेच्या दाबावर वायर ओढणारा दांडा. वायर हार्नेसला, हार्नेस माणसाला. दाब किती ठेवायचा ते माणसाच्या वजनावर. म्हणून सकाळी पूर्ण पोशाखात काट्यावर उभं करायचं आणि पोशाखात काहीही बदललं तर पुन्हा उभं करायचं. काटा माझ्या ताब्यात, वहीही माझ्याच. सकाळी तू पत्र्याच्या चिलखतात ७१ भरलीस. लिहिलं. त्या वजनाची वाळूची गोणी उडवून पाहिली, ती बरोबर गादीच्या मधोमध पडली.

जेवणानंतर दिग्दर्शकांनी कॅमेरा लांब नेला. लांबून पत्रा काय आणि स्पंज काय, म्हणून पोशाखवाल्यांनी तुला स्पंजाचं घातलं. पाठीमागचं बक्कल कोणी लावलं? मी लावलं. दोन्ही हातांनी धरायच्या तयारीत होतो आणि ते हलकं निघालं. माझे हात वर गेले. तुला मागचं दिसलं नसेल.

मला तिथल्या तिथे कळलं की तू आता साठ आहेस.

काटा चार पावलांवर होता. पण सकाळीच लाइटवाल्याने भर युनिटमध्ये ओरडून विचारलं होतं, "काय मुनीम, बहीण भंगारात घालतोस की काय? किलोला काय भाव?" सगळे हसले होते आणि तूही हसत म्हणाली होतीस, "छोट्या, किती वेळा चढवशील रे काट्यावर? किराणा आहे का मी?" तू चिडली नव्हतीस, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, पुन्हा काट्यावर ये म्हटलं तर पुन्हा हसतील. चाळीस माणसांसमोर मोठ्या बहिणीला दुसऱ्यांदा तोलायचं. माझे कान तापले.

म्हणून मी विचारलंच नाही. तू "सकाळचंच धर" असं कधीही म्हणाली नाहीस. मी दुपारच्या रकान्यात ७१ लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि स्टंट मास्टरांपुढे वही धरली. त्यांनी सही केली.

गोणी जिथे पडली होती ती गादी तू अख्खी ओलांडून गेलीस.

लहानपणी ती परदेशी कडक बायांच्या सिनेमाची कॅसेट बघून गल्लीतली सगळी पोरं मारायला शिकायची. तू एकटी पडायला शिकत होतीस, गवताच्या ढिगावर, शंभर-शंभर वेळा. म्हणायचीस, "मारणं सोपं असतं रे, पडून दाखव." मी एकदाही पडलो नाही. मी बाजूला बसून मोजायचो.

बस आली. स्टुडिओत जातो आहे.

छोट्या


गुरुवार, १९ मार्च. संध्याकाळी ६. गोदामात, किल्ली द्यायची वाट बघत.

ताईस,

शनिवारीच मास्टरांना सांगितलं. ते गाद्यांना ठिगळं लावत होते. सुई न थांबवता ऐकत होते. माझं संपल्यावर दात लावून दोरा तोडला.

"खाली सही कुणाची आहे?" म्हणाले.

"तुमची."

"वाचून केली होती?"

मी गादीवरचं ठिगळ बघत राहिलो.

"बोल की. मुनीम ना तू?"

"नाही. न वाचता."

"तुझं अक्षर बघून केली. एवढं वळणदार अक्षर असलेला माणूस खोटं कशाला लिहील, म्हणून." मग त्यांनी दुसरी सुई ओवायला घेतली. नजर कमी झालीय, तीनदा दोरा चुकला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. तुझी मदत नको आता."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "त्या पोरीला मी पडायला नाही शिकवलं. ती शिकूनच आली होती. मी तिला फक्त भरवसा ठेवायला शिकवलं." आणि जरा थांबून, "जा. मला विचारायला आला होतास असं कुणाला सांगू नकोस. माझं काय व्हायचं ते होईल."

त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. काम लाइटवाल्याकरवी सांगतात. लाइटवाला आता विनोद करत नाही, त्याचा मला जास्त त्रास होतो. दुपारी मी डबा गोदामात खातो.

मावशीशी परत बोललो. म्हटलं, मी तिकडे येतो. तिने फोनवर हात धरला, तरी मला कळलं की ती तुला विचारतेय. मग म्हणाली, "नको म्हणते बाबा."

"पत्रं वाचते का ती?"

"उघडते. वाचते का, ते मी कशाला बघू? केरात टाकलेली दिसली नाहीत, एवढं सांगते."

"चालते का?"

"भिंत धरून. आणि मी मदतीला गेले की मलाच ओरडते. तुमचं घराणंच मेलं तसलं. मोडेल पण वाकणार नाही."

मला त्यातलं काही आलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू लहान आहेस." मी चोवीस पूर्ण केली आहेत.

छोट्या


शुक्रवार, २७ मार्च. दुपारी ४ वाजून १० मिनिटं. पोस्टात, लिहायच्या टेबलापाशी. इथल्या पेनाला दोरी बांधली आहे, ती लहान आहे, म्हणून अक्षर तिरकं आलंय. माफ कर.

ताईस,

जबाब दिला. विमा कंपनीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, त्याच बाईंपुढे. पावणेबारा ते दीड. वजनाची वही बरोबर नेली होती. त्यांनी २१ ऑगस्टच्या पानाची प्रत घेतली. दुपारच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे ७१ तुम्ही कुठून आणलं?"

"वरच्या रकान्यातून."

"म्हणजे आधीचा जबाब खोटा होता असं म्हणताय?"

"हो."

"कुणाच्या दबावाखाली दिला होता?"

"माझ्या स्वतःच्या."

"असं लिहिता येत नाही."

"मग 'दबाव नव्हता' असं लिहा."

त्यांनी लिहिलं. मी वाचून सही केली. दोनदा वाचलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यावर केस होऊ शकते, हे कळतंय ना?" मी हो म्हटलं.

तिथून स्टुडिओत गेलो. मॅनेजरांना कंपनीतून फोन आधीच आला होता. ओरडले नाहीत. म्हणाले, "गप्प बसायला सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही." माझं ओळखपत्र घेतलं. हार्नेसची यादी, बनियनींची यादी, काट्याची किल्ली, सगळं लाइटवाल्याकडे सोपवलं. मास्टर समोरून गेले. थांबले नाहीत, पण जाता जाता लाइटवाल्याला म्हणाले, "वही वाचायला शीक आधी, मग लिहायला." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

आता मुद्द्याचं.

माझा जबाब एकटा पुरत नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलं, तुझा दवाखान्यातला जबाब अजून फाइलमध्ये आहे आणि त्यात तू "तसंच असेल" म्हटलं आहेस. तो चुकीचा होता, वजन सांगितलं नव्हतं, असं तू सही करून कळवलंस तरच तुझं प्रकरण पुन्हा उघडेल. मुदत पंधरा दिवस. फॉर्म सोबत आहे. जिथे सही करायची तिथे मी पेन्सिलने बारीक फुली केली आहे.

तू रागाने सही करणार नाहीस, अशी मला भीती नाही. रागावलीस तर उलट करशीलच. मला भीती वाटते ती दुसरीच. तू फॉर्म वाचशील, खाली लिहिलेलं "संबंधित व्यक्तीवर कारवाई" हे वाचशील, आणि तेव्हा दवाखान्यात केलंस तेच परत करशील. माझं लिहिलेलं चुकत नाही म्हणशील आणि कमरेत मोडकं हाड घेऊन भिंत धरून चालत राहशील. लोक तुला कडक म्हणतील. मावशी म्हणेल, घराणंच तसलं.

तसं करू नकोस, ताई. माझ्यासाठी तू आजवर पुष्कळ ठिकाणी पडली आहेस. या वेळी मला पडू दे. मला येत नाही, पण गादी कुठे आहे ते मी बघून ठेवलं आहे: केस झालीच तर मॅडमनी एक वकील सुचवला आहे, नंबर घेतला आहे, आणि गोदीवर माल मोजायचं काम सोमवारपासून आहे. तिथे मोठे काटे आहेत. माणसं तोलावी लागत नाहीत.

तू सही कर. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. पाकिटात नुसता फॉर्म टाक.

आजचा हिशेब, कारण तू विचारलंस तर तोंडी सांगताना माझा गोंधळ होईल:

खर्च
बस, जाऊन-येऊन: ४०
झेरॉक्स, चार पानं: ८
रजिस्टर टपाल: ६२
परतीचं पाकीट, तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेला: २७
एकूण: १३७

देणे
तुझ्या दुसऱ्या ऑपरेशनचा मावशीने सांगितलेला आकडा: २,४०,०००
माझे साठलेले, आज मावशीच्या खात्यात भरले: ३१,५००
बाकी: २,०८,५००

विम्याचे पैसे आले तरी ही बाकी मी कमी धरणार नाही.